पेपर कुठे पाठवायचा म्हणजे कोणाशी बोलायचं?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी माझा पहिला पेपर एका आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्सला पाठवला आणि तो नाकारला गेला. वाईट वाटलंच, पण रिव्ह्यू वाचून जास्त गोंधळ उडाला. आठवीची मुलं गटागटाने विद्युत परिपथाचं सिम्युलेशन वापरत असताना त्यांच्या क्लिकची जी नोंद झाली, त्यावरून कोणता गट अडकणार हे आधीच सांगणारं मॉडेल मी बनवलं होतं. अचूकता काळजीपूर्वक मोजली होती. तिन्ही रिव्ह्यूअर्सनी अचूकतेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी विचारलं होतं, मुलं आपापसात काय बोलत होती? आणि 'शिकणं' म्हणजे तुम्ही नेमकं काय धरता?

मी तणतणत सरांकडे गेले. त्यांनी रिव्ह्यू वाचले आणि एवढंच विचारलं, "या कॉन्फरन्सचे किती पेपर वाचलेस?" खरं उत्तर होतं, दोन. तेही घाईत.

तुम्ही विज्ञान शाखेतून शिक्षण-तंत्रज्ञानाच्या संशोधनाकडे वळणार असाल तर आधी एक गोष्ट समजून घ्या. एम.एस्सी.ला माझी समजूत अशी होती की कॉन्फरन्स म्हणजे अर्ध्या पानाचा सारांश, एक पोस्टर आणि चहा. खरं काम जर्नलमध्ये छापून येतं. इथे तसं नाही. या क्षेत्राचा मोठा भाग संगणकशास्त्रातून आलाय, त्यामुळे कॉन्फरन्सचा पेपर आठ-दहा पानी, पूर्ण लिहिलेला असतो, दोन-तीन जण तो तपासतात आणि बरेच पेपर नाकारले जातात. प्रोसिडिंग्जमध्ये आलेला पेपर लोक जर्नलमधल्या लेखासारखाच उद्धृत करतात.

आता हे तपासणारे कोण? इथे थोडा इतिहास लागतो. रॉजर शँक हे कृत्रिम बुद्धिमत्तेतले नावाजलेले संशोधक 1989 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आले आणि तिथे लर्निंग सायन्सेसची संस्था उभी राहिली. 1991 मध्ये 'शिक्षणातली कृत्रिम बुद्धिमत्ता' या मालिकेतली कॉन्फरन्स तिथे भरायची होती. शँक यांनी तिचं नावच बदललं आणि ती पहिली आयसीएलएस, म्हणजे लर्निंग सायन्सेसची आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स, म्हणून भरली. (पाहुण्यांना जेवायला बोलवावं आणि दारावर आपल्याच नावाची पाटी लावावी, तसं काहीसं.) एआयईडीवाले त्यानंतर आपली मालिका वेगळी चालवत राहिले. 1995 मध्ये ब्लूमिंग्टनला सीएससीएल सुरू झाली. संगणकाच्या मदतीने माणसं एकत्र कशी शिकतात, हा तिचा विषय. 2002 मध्ये आयएसएलएस ही सोसायटी स्थापन झाली. आयसीएलएस आणि सीएससीएल या दोन्ही आता तिच्याच छत्राखाली आहेत.

दुसरीकडे डेटावाल्यांचं गोत्र वाढत गेलं. एज्युकेशनल डेटा मायनिंगची पहिली कॉन्फरन्स 2008 मध्ये माँट्रियलला झाली, लर्निंग ॲनालिटिक्सची 2011 मध्ये कॅनडातल्याच बॅन्फला. हे दोन्ही गट एकच काम करतात की काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तो त्यांनाही पडला होता. जॉर्ज सीमेन्स आणि रायन बेकर यांनी 2012 मध्ये यावर एक छोटा पेपर लिहिला. थोडक्यात सांगायचं तर ईडीएमचा कल यंत्राने आपोआप नमुने शोधण्याकडे आणि गोष्टीचे घटक सुटे करून पाहण्याकडे. लर्निंग ॲनालिटिक्सचा कल शिक्षकाच्या हाती माहिती देऊन निर्णय त्याच्यावर सोपवण्याकडे आणि सगळी व्यवस्था एकत्र पाहण्याकडे. तो पेपर जरूर वाचा, एका बैठकीत होतो.

माझाच डेटा घ्या. ईडीएममध्ये विचारतील, मॉडेल दुसऱ्या शाळेतल्या मुलांवर चालतं का? लर्निंग ॲनालिटिक्सवाले विचारतील, गट अडकलाय हे बाईंना कळलं तर त्या पुढे काय करणार? आयएसएलएसमध्ये विचारतील ते मला विचारून झालंच होतं. यातला कुठलाच प्रश्न चुकीचा नाही. पण एका पेपरात सगळ्यांची उत्तरं देता येत नाहीत.

मग आपली जागा कशी शोधायची? मी आता हे करते: ज्या कॉन्फरन्सचा विचार आहे, तिच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रोसिडिंग्ज उघडते. ईडीएमच्या आणि आयएसएलएसच्या मोफत वाचता येतात. मग माझ्या संदर्भसूचीतली नावं तिथे किती दिसतात ते पाहते. दहातलं एकही सापडलं नाही तर चूक घरात शिरलोय. या युक्तीने दुसरंही एक काम होतं. 'आदरणीय प्रोफेसर' म्हणून ईमेल पाठवणाऱ्या, आठवड्यात पेपर स्वीकारणाऱ्या आणि लगेच फी मागणाऱ्या कॉन्फरन्सेस इथेच गळतात. माझ्या ओळखीतल्या एकीचे स्टायपेंडचे दोन महिन्यांचे पैसे असेच गेले. हातात उरलं ते फक्त सर्टिफिकेट.

सुरुवात दूरच्या प्रवासानेच करायला हवी असं नाही. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'एपिस्टीम' ही परिषद आहे, पहिली 2004 मध्ये गोव्यात झाली होती. विज्ञान-गणित शिक्षणात काम करणार असाल तर तिथे जाच. 2009 मध्ये बेंगळुरूला कार्यशाळा म्हणून सुरू झालेली टी4ई तंत्रज्ञानाकडे जास्त झुकलेली. आशिया-पॅसिफिकची आयसीसीई दरवर्षी वेगळ्या देशात असते. 2016 मध्ये ती आयआयटी मुंबईत झाली होती. परदेशी जायचंच झालं तर सरकारी प्रवास अनुदानं आहेत, पण कागदपत्रांना वेळ लागतो, पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच दिवशी अर्जाला बसा. आणि मोठ्या कॉन्फरन्सेसमध्ये डॉक्टोरल कन्सॉर्शियम असतं, त्याबद्दल आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. तुमचं काम अर्धवट असताना अनुभवी लोक दिवसभर बसून त्यावर बोलतात. प्रबंध लिहून झाल्यावर तिथे जाऊन उपयोग नाही.

माझ्या पेपरचं काय झालं? मॉडेलचा भाग नीट करून डेटा मायनिंगवाल्यांकडे पाठवला, तो लागला. पण रिव्ह्यूअर्सचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून गटांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. माझ्या मॉडेलने 'अडचण नाही' असा शिक्का मारलेला एक गट होता. परिपथ अगदी बरोबर जोडलेला, दोन्ही दिवे लागलेले. आणि त्यातली मुलगी बाकीच्यांना समजावत होती, "अगं, पहिल्या दिव्यात करंट खर्च होतो, मग उरलेला दुसऱ्याला जातो." बाकीच्या तिघी हो म्हणाल्या आणि पुढच्या पायरीवर क्लिक केलं.

क्लिकच्या नोंदीत यातलं काहीच नव्हतं. सध्या ते रेकॉर्डिंग हाताने उतरवून काढतेय, आणि या वेळी आयसीएलएसच्या प्रोसिडिंग्ज आधी उघडल्या आहेत.