पिल्लं मरायला लागली? औषध आणायच्या आधी हे तपासा



माझं कोंबडीखाद्याचं दुकान आहे. आठवड्यातून दोन-तीन जण तरी घाईघाईत येतात आणि म्हणतात, "दादा, पहिलीच बॅच आहे. शंभर पिल्लं आणली, रोज पाच-सहा मरतायत. काहीतरी जोरदार औषध द्या." औषध विकणं हा माझा धंदाच आहे. तरी मी आधी विचारतो, "रात्री ऊब कशाची देता?"

कारण मी स्वतः इथेच फसलोय. पहिल्या बॅचच्या वेळी बीबीएवाल्या सवयीने खर्चाचा तक्ता छान काढला होता. पिल्लं, खाद्य, औषध, विक्री, सगळं होतं. रात्री लाइट गेली तर काय, हा रकाना मात्र नव्हता. तिसऱ्या रात्री लाइट गेली. पहाटे बघतो तर एका कोपऱ्यात ढीग, आणि खाली २३ पिल्लं गुदमरून मेलेली. आजार कुठलाच नव्हता. आणि मी सकाळी काय केलं? अँटिबायोटिक आणलं! मेलेली पिल्लं गेलीच, वर औषधाचे पैसेही गेले.

म्हणून आजचा मुद्दा एकच: पहिल्या आठवड्यातली बरीच मरतुक आपल्या व्यवस्थेतून होते. आधी व्यवस्था बघा, मग औषध.

१. ऊब

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. ढोबळ हिशोब म्हणजे पिल्लामागे २ वॅट, म्हणजे शंभर पिल्लांना शंभर वॅटचे दोन बल्ब. पण हे जुन्या, तारेच्या पिवळ्या बल्बचं गणित आहे. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. ही चूक हल्ली फार दिसते.

थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय. लांब पळून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा येतोय. सगळीकडे सारखी पसरलेली असतील तर तुम्ही निवांत झोपा.

पत्रा किंवा पुठ्ठ्याचं गोल कुंपण करा, कोपरा ठेवू नका. लाइट गेल्यावर शेगडी लावणार असाल तर वरचा पडदा थोडा उघडा ठेवा, कारण कोळशाच्या धुराने बंद खोलीत पिल्लंही मरतात आणि माणसंही.

२. पाणी आणि पहिला दाणा

प्रवासातून आलेलं पिल्लू तहानलेलं असतं. आल्याबरोबर आधी पाणी द्या. थोडा गूळ घातलेलं, कोमट चालेल, गार नको. दोन-चार पिल्लांची चोच पाण्यात बुडवून दाखवा, बाकीची बघून शिकतात. मग दाणा. दुसऱ्या दिवशी काही पिल्लं हातात घेऊन मानेखालची पिशवी चाचपा. भरलेली आणि मऊ लागली तर खातायत. रिकामी असेल तर ऊब आणि भांड्यांची जागा पुन्हा तपासा.

३. मागे विष्ठा चिकटणं

थंडी, अति उष्णता किंवा प्रवासाचा ताण यामुळे विष्ठा चिकटून वाळते आणि वाट बंद होते. कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूच मऊ करून काढा, ओढू नका. पिल्लू कोरडं करूनच परत सोडा. एक सांभाळा: पोटावरची बेंबी वेगळी, ती सोलू नका. बेंबी ओली, उघडी आणि पोट फुगलेलं असेल तर तो संसर्ग आहे आणि अशी पिल्लं सहसा वाचत नाहीत. म्हणून पेटी घेतानाच बेंबी कोरडी आहे ना, ते बघा.

४. पाय फाकणं

गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात. तुसावर कागद टाकायचाच असेल तर खरखरीत टाका आणि दोन-तीन दिवसांत काढून टाका.

५. रक्ती हगवण

ही साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसते. पिल्लं पंख पाडून सुस्त बसतात, विष्ठेत रक्त येतं. कारण कॉक्सिडिया नावाचा परजीवी, आणि त्याला वाढायला लागतं ओलं तूस. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढा, बाकीचं हलवत राहा. पिल्लांच्या उंचीवर बसून तुमचे डोळे चुरचुरले तर अमोनिया साचलाय, हवा खेळती करा. औषध आहे, अँप्रोलियम हे नेहमीचं. पण ते चालू असताना सोबत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. त्यातलं बी-१ या औषधाचा असर कमी करतं. "दोन्ही दिलं तर लवकर बरी होतील" हा हिशोब इथे उलटा पडतो.

६. जिथे लसच हवी

मानमोडी आणि गंबोरो हे विषाणूचे आजार. एकदा शिरले की त्यांना बरं करणारं औषध नाही, लस हाच उपाय. नेहमीचं वेळापत्रक असं: ५ ते ७ व्या दिवशी मानमोडीची लासोटा डोळ्यात थेंब, १२ ते १४ व्या दिवशी गंबोरो, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा लासोटा. तुमच्या भागातले डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. लस बर्फातूनच आणा. आजारी पिल्लांना देऊ नका. पाण्यातून द्यायची असेल तर क्लोरीनचं नळाचं पाणी वापरू नका, लस निकामी होते.

डॉक्टरांना कधी बोलवायचं?

मरतुक रोज वाढत असेल, माना वाकड्या होत असतील किंवा एकदम खूप मेली, तर थांबू नका. ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत बंद करून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. शवविच्छेदनातून कारण कळतं, अंदाजाने दिलेल्या औषधातून नाही. आणि मेलेली पिल्लं ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नका, चुना टाकून खोल पुरा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तिथल्या कुक्कुटपालकांचं काय झालं, ते आपल्याकडे अजून कोणी विसरलेलं नाही.

शेवटचं. दुकानातून काही घ्यायच्या आधी दहा रुपयांची वही घ्या. रोज चार गोष्टी लिहा: तापमान, दाणा, पाणी, मरतुक. पुढच्या वेळी माझ्या दुकानात याल तेव्हा ती वही घेऊन या. निम्म्या वेळा ती बघूनच मी तुम्हाला औषध न देता परत पाठवीन.

कुंपण आणि बल्बची मांडणी व्हिडिओत करून दाखवली आहे, ती बघा. तुमच्या पहिल्या बॅचला शुभेच्छा!