अ‍ॅस्पिरिन लागू पडत नाही, तेव्हा

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या औषधांत ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन बहुधा असतेच. तिला आपण ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो. खरे तर रक्त आहे तेवढेच दाट राहते. फक्त त्यातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटेनाशा होतात. कारण त्यांच्यातले कॉक्स-१ हे विकर अ‍ॅस्पिरिन कायमचे निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसते, त्यामुळे नवे विकर तयार करणे तिला जमत नाही. सात ते दहा दिवसांचे आयुष्य ती तशीच संपवते. म्हणून दिवसाला एवढीशी गोळी पुरते.

पण काहींच्या प्लेटलेट गोळी घेऊनही चिकटताना दिसल्या आणि ‘अ‍ॅस्पिरिन रेझिस्टन्स’ हा शब्द रूढ झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गॅरेट फिट्झजेरल्ड यांच्या गटाने ४०० निरोगी स्वयंसेवकांवर याची पडताळणी केली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. साधी गोळी घेतलेल्या सर्वांना ती लागू पडली. पोटात न विरघळता आतड्यात विरघळणारी, आवरणाची गोळी घेतलेल्या अनेकांत मात्र पहिल्या डोसनंतर आठ तासांनीही परिणाम दिसेना. पुन्हा पुन्हा तपासल्यावर खरा, कायमचा रेझिस्टन्स एकातही सापडला नाही. दोष शरीराचा नव्हता, आवरणाचा होता!

दुसरा अडथळा गुडघेदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेनचा. ते आधी पोटात गेले, तर एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी विकरातली जागा अडवते. अ‍ॅस्पिरिन तर रक्तात जेमतेम तासभर टिकते. आयब्युप्रोफेन जागा सोडते तोवर ती निघून गेलेली असते आणि विकर पुन्हा कामाला लागते.

मधुमेहींत नव्या प्लेटलेट वेगाने तयार होतात, त्यामुळे काहींमध्ये सकाळच्या गोळीचा परिणाम रात्रीपर्यंत ओसरू लागतो. वजनाचाही संबंध असावा, असे २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या विश्लेषणातून पुढे आले; पण २०२१ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत हृदयरुग्णांना ८१ ऐवजी ३२५ मिलिग्रॅम देऊन जास्त फायदा झाला नाही. तेव्हा गोळी वाढवणे हे सरसकट उत्तर नव्हे.

आणि गोळी ‘लागू न पडण्याचे’ एक नेहमीचे कारण अगदीच साधे आहे: ती घेतलीच जात नाही.

अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, वाढवूही नका. मात्र दुखण्यावर कोणती गोळी घेता, ते डॉक्टरांना जरूर सांगा.