नवं घर, पहिली हिरवळ : रसायनांशिवाय लॉन कसं सांभाळायचं?

(दौंड परिसरात नव्याने घर बांधलेल्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आज समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं हे पहिलंच स्वतःचं घर आहे. कुणी रेल्वेत नोकरी करून निवृत्तीच्या पैशातून बांधलंय, कुणी कुरकुंभच्या एमआयडीसीत काम करता करता कर्ज काढून बांधलंय. घरापुढे चार-पाचशे चौरस फूट जागा उरली आणि वाटलं, इथे छान हिरवळ करू. विचार चांगलाच आहे. पण लॉन म्हणजे गालिचा नव्हे, की अंथरला आणि झालं. ते एक पीक आहे. म्हणून पिकासारखाच विचार करू : पाणी, माती, वाण, तण आणि खत.

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण आपल्याकडे सगळं तिथेच अडतं. दौंड, शिरूर हा पर्जन्यछायेचा भाग. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आता साधा हिशोब बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी २३० लिटर होतात. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. म्हणजे तुमचं लॉन रोज चार माणसांचं पाणी पिणार! मे महिन्यात गल्लीत टँकर येत असताना हे चालेल का, हे आधी घरात बसून ठरवा. माझं मत विचाराल तर सव्वाशे चौरस फुटांपासून सुरुवात करा. तेवढ्यावर खुर्ची टाकून चहा पिता येतो, नातवंडं लोळतात. उरलेल्या जागेत कढीपत्ता, लिंबू, शेवगा लावा.

आता माती. आपली मूळ माती काळी, पाणी धरणारी. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पण नव्या घरापुढे बहुधा तीही नसते. असतो तो राडारोडा : विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि वर मुरूम. तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. निदान सहा ते नऊ इंच चांगली माती हवी आणि तिच्यात कुजलेलं शेणखत हवं. 'कुजलेलं' हा शब्द लक्षात ठेवा. मी पहिल्या वर्षी घाईत अर्धवट कुजलेलं खत टाकलं. त्यातून नाना तऱ्हेचं तण उगवलं, आणि पुढच्या पावसाळ्यात हुमणीच्या अळ्यांनी मुळं खाल्ली. गवत हाताने उचललं तर चटईसारखं वर यायचं. मुरलेल्या खताला वास नसतो, ते हातात भुसभुशीत लागतं. तसंच घ्या.

मातीसोबत बोअरचं पाणीही तपासून घ्या. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी परीक्षणाची सोय आहे. हे का सांगतो? गवत पिवळं पडलं की लोक युरियाकडे धावतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत बऱ्याचदा दुखणं वेगळं असतं. मातीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. वर पाणी जास्त झालं की पिवळेपणा आणखी वाढतो. तिथे उपाय म्हणजे पाणी आवरणं आणि सेंद्रिय खत वाढवणं.

आता वाण. नर्सरीत गेलात की बर्म्युडा म्हणून जे गवत दाखवतात, ते म्हणजे आपली हरळीच, तिच्यातली बारीक पानाची निवड. गंमत आहे बघा. आपल्या वाडवडिलांनी उसातून हरळी खणून काढता काढता कंबरा मोडून घेतल्या, गणपतीला मात्र तिच्याच दुर्वा वाहिल्या, आणि आपण आता ती पैसे देऊन आणतो! पण शेतात तिचा जो चिवटपणा नडतो, तोच इथे कामाचा. पाणी तोडलं तर ती वरून वाळते, जमिनीखालची कांडी जिवंत राहते आणि पावसाबरोबर परत फुटते. म्हणून मे महिन्यात लॉन तपकिरी झालं तर घाबरू नका. ते मेलेलं नाही, झोपलेलं आहे. लागण जून-जुलैमध्ये करा, कांड्या चार-चार इंचांवर खोचा. एकच अट, दिवसाला सहा तास तरी ऊन हवं. झाडाच्या सावलीत हरळीचा हट्ट धरू नका.

तणाचं म्हणाल तर खरा वैरी लव्हाळा. उपटला तरी गाठ खाली राहते. त्यासाठी आपलं ऊन वापरा. एप्रिल-मेमध्ये जागा सपाट करा, पाणी द्या, पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. तणाचं बी बरंचसं मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र वाचतात, त्या खुरप्यानेच काढायच्या. गाजर गवत फुलायच्या आधी काढा, आणि हातमोजे घालून. त्याने अंगाला खाज सुटते.

पाणी रोज शिंपडू नका. रोज थोडं दिलं की मुळं वरच राहतात. चालल्यावर पावलांचे ठसे गवतावर तसेच राहिले की समजा तहान लागली. मग पहाटे द्या, वीतभर माती ओली होईल इतकं. आंघोळीचं पाणी चालतं. कपड्यांच्या पावडरचं आणि आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र नको. त्यातल्या क्षारांनी काळी माती चोपण होते, आणि चोपण जमीन म्हणजे काय हे उसाच्या पट्ट्यात मी सांगायला नको.

कापताना पानाचा एक तृतीयांशच भाग कापा. उन्हाळ्यात दीड-दोन इंच उंची राहू द्या, म्हणजे माती झाकलेली राहते. कापलेलं बारीक गवत तिथेच पसरलं तर तेच खत. पावसाळ्याच्या तोंडाशी १०० चौरस फुटांना चार-पाच घमेली चाळलेलं गांडूळखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड पुरते. जीवामृत एकराला २०० लिटर सांगतात. त्या हिशोबाने ५०० चौरस फुटांना जेमतेम अडीच लिटर होतं, तेही दहापट पाण्यातून. सेंद्रिय आहे म्हणून कितीही ओता, असं नाही बरं का.

शेवटी एका ताईंनी विचारलं, "हुमणी आधीच लागली असेल तर?" पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडा, गोळा करा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. जमिनीत मेटारायझियम ही उपयोगी बुरशी शेणखतात मिसळून द्या, ओल असतानाच. पण हे एकट्याने करून भागत नाही, भुंगेरे शेजारच्या झाडावरूनही येतात. म्हणून त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीनेच बाहेर पडायला हवं. नव्या वस्तीत शेजाऱ्यांशी ओळख व्हायला यापेक्षा चांगलं निमित्त कोणतं?