प्रकाशाची गणिते : आकृती आधी, सूत्र नंतर

विहिरीच्या काठावरून स्वच्छ पाण्यात पाहणाऱ्यास तिचा तळ आहे त्याहून वर आलेला दिसतो. चार मीटर खोल पाणी अगदी सरळ वरून पाहिले तर तीन मीटर भासते. शेततळ्याच्या बांधावरून तिरक्या नजरेने पाहिल्यास ते याहूनही उथळ वाटते. पोहता न येणारे मूल या फसव्या उथळपणाला भुलून पाण्यात उतरते. ज्या गावांत शेततळी आहेत तेथील पंचायत सदस्यांना यातील धोका वेगळा सांगावयास नको.

हीच विहीर माध्यमिक शाळेत विज्ञानाच्या तासाला फळ्यावर येते तेव्हा तिचे गणित होते. पाण्याची खरी खोली ४ मीटर, अपवर्तनांक सुमारे ४/३. तर भासमान खोली किती? खऱ्या खोलीस अपवर्तनांकाने भागावयाचे, म्हणजे उत्तर ३ मीटर. परंतु भागावयाचे की गुणावयाचे हे ऐन वेळी न आठवल्याने पुष्कळ विद्यार्थी गुणाकार करून ५.३३ मीटर लिहितात आणि पुढील प्रश्नाकडे वळतात. विहीर पाहिलेल्या मुलाने ती अधिक खोल दिसते असे लिहावे, याचा अर्थ त्याच्या मनात विहीर व गणित यांची गाठच पडलेली नाही.

ही गाठ आकृतीने पडते. तळापासून निघालेला किरण पाण्यातून हवेत येताना स्तंभिकेपासून दूर वाकतो. डोळ्यास हे वाकणे कळत नाही. तो किरण सरळ आला असे समजून तळ वरच्या बाजूस पाहतो. एवढी आकृती काढणाऱ्या विद्यार्थ्यास उत्तर चारपेक्षा कमी येणार हे आकडेमोडीपूर्वीच ठाऊक असते. वर्गात हे दाखविण्यास प्रयोगशाळेच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. पातेल्याच्या तळाशी नाणे ठेवावे, ते काठाआड जाईपर्यंत मुलांना मागे सरकवावे आणि मग नाणे न हलविता पातेल्यात हळूहळू पाणी ओतावे. नाणे पुन्हा दिसू लागते.

चिन्हांचा घोळ

भिंगांच्या गणितांत सर्वाधिक चुका होतात त्या अधिक-उणे चिन्हांच्या. संकेत तसा सोपा आहे. सर्व अंतरे भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून मोजावयाची. प्रकाश ज्या दिशेने जातो त्या दिशेची धन, उलट दिशेची ऋण. मात्र तो पाठ करून भागत नाही, प्रत्येक गणितात आकृतीवर बाण काढूनच वापरावा लागतो.

एका विद्यार्थ्यास २ मीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही असे समजू. त्याच्या चष्म्याचे काम एवढेच, की फार दूरच्या वस्तूची प्रतिमा २ मीटरवर आणून द्यावयाची. ही प्रतिमा वस्तूच्याच बाजूस पडते, म्हणून तिचे अंतर उणे २ मीटर. वस्तू अनंत अंतरावर असल्याने तिचा व्यस्त शून्य होतो, आणि भिंगाची शक्ती उणे ०.५ डायॉप्टर येते. भिंग अंतर्गोल. चिन्ह विसरणाऱ्याचे उत्तर अधिक ०.५ येईल, म्हणजे तो या मुलास बहिर्गोल भिंग देईल आणि त्याला दिसत होते तेही अंधूक होईल.

असा विद्यार्थी केवळ पुस्तकात नसतो. मागच्या बाकावर बसून फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारे मूल पुष्कळदा ‘ढ’ ठरविले जाते. हे गणित शिकविणाऱ्या शिक्षकाच्या ते सर्वांआधी लक्षात यावयास हवे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतील मुलांची जी तपासणी होते तीत दृष्टिदोषांचाही समावेश आहे. अशा मुलांची नावे पथकास आवर्जून द्यावीत.

याउलट स्थिती ग्रामसभेत कागद हातभर लांब धरून वाचणाऱ्या ज्येष्ठांची. ज्यांना १ मीटरच्या अलीकडचे स्पष्ट दिसत नाही, त्यांना २५ सेंटिमीटरवर धरलेला कागद वाचण्यासाठी अधिक ३ डायॉप्टरचे बहिर्गोल भिंग लागते. येथे विद्यार्थी दुसऱ्याच ठिकाणी अडखळतात. नाभीय अंतर ३३.३ सेंटिमीटर बरोबर काढतात, पण त्याचा व्यस्त तसाच घेऊन शक्ती ०.०३ लिहितात. डायॉप्टरसाठी अंतर मीटरमध्येच हवे.

तरंगांची गणिते

उच्च माध्यमिक वर्गांत प्रकाश तरंगरूपाने भेटतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची हवेतील तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर. पाण्यात ती सुमारे ४४३ होते. हवेत ४४३ नॅनोमीटरचा प्रकाश निळसर-जांभळा दिसतो, तेव्हा पाण्यात पिवळा दिवा निळा दिसेल काय, असा प्रश्न चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच, आणि त्याने तो विचारावा. माध्यम बदलले की वेग व तरंगलांबी बदलतात, वारंवारिता बदलत नाही. रंग वारंवारितेवर ठरतो. दिवा पिवळाच राहतो.

थॉमस यंग यांच्या दोन फटींच्या प्रयोगावरील गणितात हाच धागा उपयोगी पडतो. फटींतील अंतर अर्धा मिलिमीटर, पडदा १ मीटरवर, तरंगलांबी ६०० नॅनोमीटर असेल तर लगतच्या दोन प्रकाशित पट्ट्यांतील अंतर १.२ मिलिमीटर येते. सर्व मांडणी पाण्यात बुडविली तर ते ०.९ मिलिमीटर होते. नॅनोमीटर व मिलिमीटर आधीच मीटरमध्ये न आणल्यास दशांशचिन्ह कोठे जाईल याचा भरवसा नाही.

कधी कधी गणितच अशक्य उत्तर देते. काचेतून हवेत जाणाऱ्या किरणाचा आपतन कोन ४५ अंश आणि काचेचा अपवर्तनांक १.५ असल्यास अपवर्तन कोनाची ज्या १.०६ येते. ज्या १ पेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून विद्यार्थी घाबरून सगळे खोडतो आणि आकडेमोड पुन्हा सुरू करतो. वस्तुतः चूक काहीच नसते. या काचेचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश आहे. आपतन कोन त्याहून मोठा असला की किरण बाहेर पडतच नाही, पूर्णपणे आत परावर्तित होतो. भारतनेटच्या ज्या तंतूंतून ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत इंटरनेट पोहोचते, त्यांत प्रकाश याच रीतीने कोंडून पुढे नेला जातो. तेव्हा १.०६ हा आकडा खोडू नये. त्यापुढे ‘किरण बाहेर पडत नाही, पूर्ण आंतरिक परावर्तन होते’ असे लिहावे. अपेक्षित उत्तर तेच असते.