गोदामातला माल आणि संगणकातला आराखडा

कोणत्याही जुन्या पेढीचे वर्षअखेरचे साठापत्रक पाहिले, तर त्यात एक नोंद हमखास आढळते : कित्येक वर्षांत न विकला गेलेला, तरीही ‘कधीतरी गिऱ्हाईक येईल’ म्हणून जपून ठेवलेला माल. तो जागा अडवतो, भांडवल अडवतो आणि बँकेचे व्याज मात्र दररोज चढत राहते. तरीही व्यापारी तो मोडीत काढत नाही. कारण दारी आलेल्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणे पेढीच्या नावाला शोभत नाही. मालाचा साठा हीच व्यापाऱ्याची ताकद, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्रिमितीय मुद्रण, म्हणजेच थ्री-डी प्रिंटिंग, हे तंत्र नेमका याच समीकरणाला हात घालते. म्हणूनच अभियंत्यांइतकाच व्यापारी कुटुंबांनीही त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

थरावर थर

वस्तू घडवण्याच्या परंपरागत पद्धती मुख्यतः दोन. एक, मोठ्या ठोकळ्यातून नको तो भाग कापून काढणे. दुसरी, साचा तयार करून त्यात रस ओतणे. पहिलीत कच्चा माल वाया जातो, दुसरीत साच्याचा खर्च आधी करावा लागतो. त्रिमितीय मुद्रणात वस्तूचा आराखडा संगणकावर तयार होतो, संगणक त्याचे शेकडो पातळ थर पाडतो आणि यंत्र एकेक थर रचत वस्तू उभी करते. मेंदीच्या कोनातून रेघ सोडावी त्याप्रमाणे वितळलेल्या प्लास्टिकची रेघ सोडणारी यंत्रे सर्वांत स्वस्त. काही यंत्रे द्रवरूप रेझिन प्रकाशाने घट्ट करतात, तर काही धातूची बारीक भुकटी लेसर किरणांनी वितळवून जोडतात.

हे तंत्र वाटते तितके नवे नाही. जपानमधील हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्येच अशा पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले होते. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८३ मध्ये डोळे धुण्याची एक छोटीशी वाटी या पद्धतीने घडवली आणि १९८६ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. प्लास्टिकची रेघ सोडण्याच्या पद्धतीचे पेटंट स्कॉट क्रम्प यांच्याकडे होते. ते २००९ मध्ये संपुष्टात आले आणि यंत्रांच्या किमती झपाट्याने उतरल्या. आज घरगुती वापराचे लहान यंत्र एखाद्या चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळते.

भारतही या बाबतीत मागे नाही. इस्रोने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनाची मुद्रित आवृत्ती ६६५ सेकंद चालवून पाहिली. पूर्वी १४ सुटे भाग जोडून होणारे हे इंजिन आता एकसंध तयार झाले व १९ ठिकाणचे वेल्डिंग वाचले. जुन्या पद्धतीत ५६५ किलो कच्चा माल लागे. नव्या पद्धतीत १३.७ किलो धातूची भुकटी पुरली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉस या तरुण कंपनीने मुद्रित इंजिनावर चालणारे आपले यान श्रीहरिकोट्याहून यशस्वीपणे सोडले.

हिशेब कोठे बदलतो

अग्निबाणाचे गणित दुकानदाराला लागू पडतेच असे नाही. त्यासाठी साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, प्लास्टिकच्या एका भागासाठी डाय बनवण्यास तीन लाख रुपये लागतात आणि त्यानंतर प्रत्येक नग पाच रुपयांत पडतो. तोच नग मुद्रित करण्यास ऐंशी रुपये लागतात, पण डायचा खर्च शून्य. नगामागे पंचाहत्तर रुपयांचा फरक धरला, तर चार हजार नगांपर्यंत मुद्रण स्वस्त आणि त्यापुढे डाय स्वस्त. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु हिशेबाची रीत सर्वत्र हीच राहते.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. बादल्या, डबे, बटणे, पेनांची टोपणे अशा लाखोंच्या संख्येने खपणाऱ्या मालाला या तंत्राचा नजीकच्या काळात धोका नाही. याउलट जो माल थोडा, वेगवेगळ्या मापांचा आणि क्वचित मागणीचा असतो, त्याचा व्यवहार मुळापासून बदलणार आहे. जुन्या यंत्रांचे सुटे भाग हे याचे ठळक उदाहरण. जर्मनीची रेल्वे कंपनी डॉइश बान २०१५ पासून आपल्या गाड्यांचे दुर्मीळ सुटे भाग मुद्रित करून घेत आहे. वर्षातून दोनदा लागणारा भाग दहा वर्षे फळीवर ठेवण्यापेक्षा त्याचा आराखडा जपून ठेवणे तिला परवडते. सुट्या भागांच्या व्यापाऱ्याच्या साठापत्रकातील ती पडून राहिलेली नोंद नेमकी हीच आहे.

दुसरे उदाहरण दागिन्यांचे. येथे सोने थेट मुद्रित होते, असा अनेकांचा गैरसमज असतो. बहुतांश ठिकाणी मेणाची अथवा रेझिनची प्रतिकृती मुद्रित होते, तिच्याभोवती प्लास्टरसारख्या मिश्रणाचा साचा भरतात, भट्टीत प्रतिकृती जळून जाते आणि त्या पोकळीत सोने ओततात. ओतकामाची ही रीत प्राचीनच आहे. फक्त मेण हाताने कोरण्याचे काम यंत्राकडे गेले. त्यामुळे सराफाला प्रत्येक नमुना सोन्यात घडवून काचेच्या कपाटात मांडण्याची गरज उरत नाही. गिऱ्हाइकाला नमुना पडद्यावर दाखवता येतो, अंदाजे वजन आधीच सांगता येते आणि मागणी आल्यावर दागिना घडवता येतो. सोन्याचे आजचे भाव पाहता यात किती भांडवल मोकळे होते, हे सराफ कुटुंबांना सांगायला नको. जडाव आणि पॉलिश यांसाठी मात्र आजही कारागिराचा हातच लागतो.

तिसरे उदाहरण ओतशाळांचे. कोल्हापूर परिसरातील फाउंड्री उद्योग देशभर प्रसिद्ध आहे. तेथे लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा पॅटर्न करून त्यावरून वाळूचा साचा बनवण्याची रीत रुळलेली आहे. आता पॅटर्नशिवाय वाळूचा साचाच मुद्रित करणारी यंत्रे उपलब्ध आहेत. नमुन्याचे चार-पाच नग हवे असतील, तर पॅटर्नसाठी जाणारे आठवडे त्यामुळे वाचतात. मोठ्या संख्येसाठी पॅटर्न टिकून राहील. पण केवळ नमुन्यांवर चालणाऱ्या पॅटर्नशॉपला आपला मार्ग वेळीच बदलावा लागेल.

घरात, दवाखान्यात, रस्त्यावर

दैनंदिन जीवनात हे तंत्र गाजावाजा न करता शिरले आहे. आजोबांच्या कानातील श्रवणयंत्राचे कवच त्यांच्या कानाच्या मापाने मुद्रित झालेले असण्याची शक्यता मोठी आहे. या उद्योगाची कथा बोधप्रद आहे. प्राध्यापक रिचर्ड डी’अवेनी यांनी २०१५ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एका कंपनीप्रमुखाच्या हवाल्याने नोंदवले, की अमेरिकेतील श्रवणयंत्र उद्योग पाचशेहून कमी दिवसांत पूर्णपणे या तंत्राकडे वळला आणि जुन्या पद्धतीला चिकटून राहिलेली एकही कंपनी टिकली नाही.

दात सरळ करण्याच्या पारदर्शक पट्ट्या मुद्रित साच्यांवरून तयार होतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत इटलीतील कियारी येथील रुग्णालयात श्वसनयंत्रांच्या झडपा संपल्या, तेव्हा स्थानिक तंत्रज्ञांनी त्या मुद्रित करून दिल्या. बंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमधील १,०२१ चौरस फुटांचे टपाल कार्यालय काँक्रीटचे थर रचत सुमारे दीड महिन्यात उभे राहिले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

उणिवाही तितक्याच खऱ्या. मुद्रण संथ असते. प्लास्टिकची वस्तू थरांच्या जोडावर तुलनेने कमकुवत राहते आणि पृष्ठभाग बहुधा घासून गुळगुळीत करावा लागतो. धातूची यंत्रे अतिशय महाग असून ती चालवण्यास प्रशिक्षित माणसे लागतात.

तारण, कर आणि जबाबदारी

यंत्रापेक्षाही गंभीर प्रश्न व्यवहाराचे आहेत. बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा प्रामुख्याने साठा आणि येणे रक्कम यांवर ठरते. उद्या साठा घटला, तर तारण घटेल. खेळत्या भांडवलाची गरजही घटेल, हे खरे. परंतु ज्या पेढीची सारी मत्ता संगणकातील आराखड्यांत आहे, तिचे मूल्य कसे ठरवावे? गोदामाला कुलूप लावता येते, फाइलची नक्कल एका क्षणात होते. म्हणून स्वतःच्या नमुन्यांची डिझाइन्स ॲक्ट, २००० खाली नोंदणी करणे ही यापुढे चैन राहणार नाही. या नोंदणीने दहा वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. मात्र नमुना बाजारात आणण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो.

आयातीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. परदेशातून वस्तू आली तर सीमाशुल्क लागते. आराखडा आला आणि वस्तू येथे मुद्रित झाली, तर काय? इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील प्रेषणावर सीमाशुल्क न लावण्याचा संकेत जागतिक व्यापार संघटनेत १९९८ मध्ये ठरला व २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही त्याला मुदतवाढ मिळाली. भारताने या मुदतवाढीवर वेळोवेळी हरकत घेतली आहे, त्यामागे महसुलाची हीच चिंता आहे.

जबाबदारीचे काय? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सदोष वस्तूमुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेता या दोघांवरही येऊ शकते, अशी तरतूद केली. कालपर्यंत दुसऱ्याचा माल विकणारा दुकानदार उद्या तोच भाग स्वतः मुद्रित करून देऊ लागला, तर तो उत्पादक ठरतो. शोभेची वस्तू मोडली तर पैसे परत करता येतात. वाहनाच्या ब्रेकचा भाग मोडला तर ते शक्य नसते.

पेढीने काय करावे

नव्याचे आकर्षण वाटून एकदम कर्ज काढून मोठे यंत्र घेणे शहाणपणाचे नाही. या क्षेत्रात यंत्रे लवकर जुनी होतात. हप्ते पाच वर्षे चालतात आणि यंत्राची किंमत त्याआधीच उतरते. जवळच्या शहरात जॉब वर्क करून देणारे व्यावसायिक असतात. प्रथम त्यांच्याकडून दहा-वीस नग करून घ्यावेत, त्यांचा टिकाऊपणा पाहावा आणि मग निर्णय घ्यावा. साठापत्रकातील माल तीन गटांत विभागावा : रोज खपणारा, ऋतूनुसार खपणारा आणि पडून राहणारा. या तंत्राचा विचार तिसऱ्या गटापासून सुरू करावा. घरातील मुलामुलींपैकी ज्याला संगणकावर आराखडे रेखाटण्याची आवड असेल, त्याला ते रीतसर शिकू द्यावे. पुढील काळात ते कौशल्य हिशेबाच्या ज्ञानाइतकेच पेढीच्या उपयोगी पडेल.

वस्तू कोठेही मुद्रित होऊ लागली, तरी ती कोणत्या धातूची, किती टिकेल आणि बिघडल्यास कोण बदलून देईल, हे गिऱ्हाईक विचारणारच. त्याचे उत्तर यंत्र देत नाही, पेढीचा शब्द देतो. गोदाम लहान झाले तरी चालेल. तो शब्द पाळण्याची रीत मात्र पुढच्या पिढीच्या हाती तशीच जायला हवी.