चौकट : कमी लोण्याच्या कुकीज, वर आयसिंग

लोणी की तूप? विकतच्या बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश. उरलेलं मुख्यतः पाणी. तूप जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. बटरऐवजी तेवढंच तूप घेतलं, तर स्निग्धांश वाढतो. घरच्या लोण्यात पाणी कमी-जास्त असतं. म्हणून पीठ मळताना दूध बेतानंच घालावं.

लोणी कमी केल्यावर : स्निग्धांश मैद्यातलं ग्लुटेन जुळू देत नाही, त्यानंच खुसखुशीतपणा येतो. स्निग्धांश घटला की कुकी कडक होते. थोडं दही घातल्यास मऊ, केकसारखी होते. मळणं कमीत कमी. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सियसवर ८ ते १० मिनिटं. कडा सोनेरी होताच बाहेर.

आयसिंग : पिठीसाखर आणि चमचाभर दूध किंवा लिंबाचा रस, स्निग्धांश नगण्य, साखर मात्र भरपूर. बटरक्रीम वेगळं, त्यात लोणी. कुकी पूर्ण गार झाल्यावरच लावावं.

‘लो फॅट’ : भारतीय नियमांनुसार १०० ग्रॅम घन पदार्थात स्निग्धांश ३ ग्रॅमपर्यंतच. घरची ‘कमी लोण्याची’ कुकी सहसा त्यात बसत नाही.

उष्मांक : स्निग्धांश ग्रॅमला ९, साखर ४.

ओळखीची भावंडं : नानकटाई; पुण्याच्या कयानी बेकरीची (स्थापना १९५५) श्रूजबेरी बिस्किटं. दोन्ही स्निग्धांशानं समृद्ध.