छताचे उष्णतारोधन आणि घरगुती वीजखर्च : एक विवेचन

प्रस्तावना

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा या दिवसांतील अनुभव सारखाच असतो. ऊन उतरते, बाहेर वारा सुटतो, परंतु खोलीतील उकाडा रात्री उशिरापर्यंत हटत नाही. यावर उपाय म्हणून बहुधा अधिक क्षमतेचे वातानुकूलन यंत्र घेतले जाते. यंत्रापूर्वी छताचा विचार का करावा, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

छतातून येणारी उष्णता

आत व बाहेर १ अंशाचा फरक असताना छताच्या दर चौरस मीटरमधून जितके वॅट उष्णता आत येते, तो त्या छताचा उष्णता-पारेषण गुणांक होय. १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबसाठी हा गुणांक सुमारे ३.३ येतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 'इको निवास संहिता २०१८' मध्ये नव्या निवासी इमारतींच्या छतासाठी १.२ ही कमाल मर्यादा दिलेली आहे. म्हणजे आपली बहुतेक उघडी छते या मर्यादेच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतात.

काँक्रीटच्या तुलनेत थर्माकोलची उष्णतावाहकता सुमारे ४५ पटींनी कमी आहे. त्याचा २५ मिलिमीटरचा थर दिल्यास गुणांक १.० पर्यंत उतरतो. ५० मिलिमीटरने तो ०.६ होतो. पहिल्या इंचाने जे साधते ते दुसऱ्याने साधत नाही, ही बाब खर्चाचा विचार करताना महत्त्वाची ठरते.

१२ चौरस मीटरची एक खोली घेऊ. उन्हाने तापलेल्या पृष्ठभागाचा परिणाम धरून सरासरी २० अंशांचा फरक मानल्यास उघड्या छतातून सुमारे ७९० वॅट, तर २५ मिलिमीटर थरानंतर २४० वॅट उष्णता आत येते. यंत्र एक युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकते व रोज आठ तास चालते असे धरल्यास ९० दिवसांत सुमारे ११० युनिट वीज वाचते. आकडा डोळे दिपवणारा नाही, हे मान्य करावयास हवे. तथापि तो एकाच खोलीचा आहे. शिवाय ज्या घरी वातानुकूलन नाही, तेथेही छताची धग कमी होते. तिचे मोल विजेच्या देयकात दिसत नाही.

थर कोठे द्यावा

मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत लाकडी तक्तपोशीवर मातीचा जाड थर असे. रोधक छताच्या वर असावा, हे तत्त्व त्यात होतेच. थर स्लॅबच्या वर दिल्यास काँक्रीट मुळात तापत नाही. खाली दिल्यास ते दिवसभर तापून प्रसरण पावते व भेगांचा धोका वाढतो. मात्र वेष्टनासाठी वापरला जाणारा हलका थर्माकोल येथे चालत नाही. घट्ट पाटी, त्यावर संरक्षक कोबा आणि बिनचूक जलरोधन आवश्यक आहे. गळणाऱ्या गच्चीवर रोधक घालणे म्हणजे पैसे ओल्या थरात पुरणे होय.

सहकारी गृहनिर्माण संस्थांत खरी अडचण तांत्रिक नसते. गच्ची सामाईक, तर लाभ केवळ वरच्या मजल्याचा. म्हणून हा विषय सभेत मागे पडतो. गच्चीच्या जलरोधनाचे काम मात्र संस्थेस केव्हातरी करावेच लागते. त्याच वेळी रोधक घातल्यास तोडफोड आणि कोबा यांचा खर्च दुसऱ्यांदा होत नाही व प्रश्न केवळ पाट्यांच्या किमतीचा उरतो. ती वरच्या मजल्यावरील सभासदांनी उचलण्याची तयारी दाखविल्यास इतरांचा आक्षेप राहण्याचे कारण नाही.